थोरलीचं बूच

रोज सकाळी दहाच्या सुमाराला बंदराच्या कचेरीबाहेरच्या काळ्या फळ्यापुढे एक म्हातारा येऊन उभा राहायचा. फळ्यावर आलेल्या-गेलेल्या जहाजांची नावं खडूनं लिहिलेली असायची. म्हातारा नाक लागेल इतका फळ्याजवळ जायचा, वरून खाली एकदा वाचायचा, खालून वर एकदा वाचायचा आणि मग खिडकीतल्या कारकुनाला विचारायचा, "हेच का सगळं?"

कारकून मानही वर न करता म्हणायचा, "मिस्त्री, मी काय जहाजं खिशात घालून ठेवतो का?"

त्यावर म्हाताऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या कोटाच्या उजव्या खिशावर जायचा. कारकुनानं ते कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्याला त्यातलं काय डोंबल कळणार होतं!

खिशात लाकडाचं एक बूच होतं. दोन बोटं जाड, एका टोकाला निमुळतं, जाड टोकाला भोक पाडून त्यात दोरी ओवलेली. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. रस्त्यात पडलेलं दिसलं तर कुणी उचलणार नाही असलं ते बूच, आणि त्याच्यापायी मिस्त्रींचा जीव अकरा महिने टांगणीला लागला होता.

मिस्त्री म्हणजे जहाजावरचे सुतार. सुतार म्हटलं की लोकांना खुर्च्या आणि पलंग आठवतात. मिस्त्रींनी जन्मात एक पलंग केला नाही. तेहेतीस वर्षं शिडाच्या एकाच जहाजावर काढली, आणि त्यातली निम्मी तरी एका होडीच्या मागे गेली. मोठ्या जहाजावर होड्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण कशाला असतात असं विचारलं की जो तो एकच उत्तर देतो, जहाज बुडालं की पळायला. अहो, जहाज काय रोज बुडतं? होडीला रोजची कामं असतात. जहाज धक्क्याला लागत नाही तिथे पिण्याच्या पाण्याची पिंपं भरून आणायची ती होडीनं. वारा पडला आणि शिडं वाळत घातलेल्या धुण्यासारखी लोंबायला लागली, की दहा-बारा जणांनी होडीत उतरायचं आणि वल्ही मारत अख्खं जहाज दोरानं ओढायचं. आजारी माणसाला किनाऱ्यावर न्यायचं ते तिनं, आणि मेलेल्याला न्यायचं तेही तिनंच. आणि जहाज कधी वाळूत रुतलं, तर सगळ्यात मोठा नांगर होडीला टांगून खोल पाण्यात नेऊन टाकायचा, मग जहाजावरून त्याचा दोर ओढत ओढत जहाजानं स्वतःला वाळूतून उपसून काढायचं. हे शेवटचं काम सगळ्यात धोक्याचं. नांगराच्या वजनानं होडी काठापर्यंत दबलेली असते. घागरभर पाणी जास्त झालं तरी माणसांसकट तळाला.

जहाजावर होड्या तीन होत्या. त्यातली ही सगळ्यात मोठी, म्हणून तिला सगळे थोरली म्हणायचे. मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं. बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी तापानं गेली. तेव्हा मिस्त्री समुद्रावर होते आणि बातमी त्यांना दोन महिन्यांनी, दुसऱ्याच बंदरात, पत्रातून कळली. त्यामुळे खलाशी थट्टेनं म्हणायचे, "मिस्त्रींची थोरली बरी आहे ना आज?" मिस्त्री रागवायचे नाहीत. "बरी आहे," म्हणायचे.

काम नसलं की थोरली डेकवर दोन डोलकाठ्यांच्या मध्ये बांधून ठेवलेली असायची, आणि तिचा अगदी गोठा व्हायचा. दुधासाठी नेलेल्या शेळ्या तिच्यात, कोंबड्यांची खुराडी तिच्यात, कांद्यांची पोती, दोरांची वेटोळी, सगळ्यांना जागा थोरलीत. शिवाय वरून ऊन. लाकूड सुकलं की आकसतं आणि फळ्यांच्या मध्ये फटी पडतात. म्हणून मिस्त्री रोज सकाळी चहाच्या आधी सहा बादल्या पाणी तिच्या अंगावर ओतायचे. पंधरा दिवसांतून एकदा शेळ्या बाहेर काढून, आत घोटाभर पाणी भरून तिला दिवसभर मुरत ठेवायचे. लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात.

आता हे बूच. थोरलीच्या तळाला एक भोक होतं. डेकवर असताना ते उघडंच ठेवायचं, नाहीतर पावसाचं पाणी आणि शेळ्यांची घाण आत साठून सडायची. होडी पाण्यात उतरवायच्या आधी बूच ठोकायचं. आधी ते भोकाशेजारीच दोरीला लटकलेलं असायचं. पण एकदा एका शेळीनं दोरी खाल्ली. बूच गडगडत कुठे गेलं ते सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला आणि कप्तान पाण्याच्या पिंपांवर बसून राहिला. त्या दिवसापासून मिस्त्रींनी बूच स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. होडी उतरवायचा हुकूम झाला की आधी मिस्त्री आत चढायचे, तळाची फळी उचलायचे, बूच भोकात घालून लाकडी हातोडीचे तीन ठोके द्यायचे आणि उभं राहून मोठ्यानं ओरडायचे, "बूच बसलं!" त्यानंतरच दोर सुटायचे. ही हाक ऐकल्याशिवाय कप्तानसुद्धा थोरलीत पाय टाकत नसे. तेहेतीस वर्षांत मिस्त्रींना कुणी कौतुकाचा शब्द ऐकवला असेल-नसेल, पण ती हाक मात्र त्यांची होती.

त्याच जहाजावर त्यांचा भाचा होता. मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा. तिशी ओलांडलेला, हाताचा चपळ, तोंडाचा मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. मिस्त्रींनीच त्याला जहाजावर लावलं होतं. जिथे मिस्त्री तिथे तो, हे ठरलेलं. थोरली उतरवतानाही मिस्त्रींच्या मागोमाग तोच आत चढायचा.

शेवटच्या दोन वर्षांत मिस्त्रींची नजर गेली. सगळी गेली असं नाही, पण दाराच्या चौकटीतून बाहेर बघताना मधोमध कुणीतरी बोट ठेवावं तसं व्हायला लागलं. मिस्त्रींनी तोंडातून ब्र काढला नाही. विचारलं तर म्हणायचे, "सुताराला डोळे कशाला लागतात? हाताला कळतं सगळं." एकदा थोरली पाण्यात उतरल्यावर तिच्यात घोटाभर पाणी आलं, तेव्हा मिस्त्रींनी फटींत भरायचा ताग विकणाऱ्याला लाखोली वाहिली. ताग कुजका दिला म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, पण हे त्यांच्या तोंडावर सांगणार कोण?

सांगितलं भाच्यानं, आणि तेही त्यांच्या तोंडावर नाही. जहाज आपल्या बंदरात असताना कप्तानानं मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि गोड शब्दांत म्हणाला की आता तुम्ही आराम करा. मिस्त्रींनी विचारलं, "कोण म्हणतं मला दिसत नाही?" कप्तानानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्याच घरचा माणूस म्हणतो. काळजीनंच म्हणतो."

मिस्त्री बाहेर आले ते आग होऊनच. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर, आणि त्यानं पाठीमागे सांगावं! कामापुरता मामा, दुसरं काय! नवा सुतार हत्यारं ताब्यात घ्यायला येऊन उभा होता. काय कुठे आहे ते त्याला नीट दाखवायचं, हा रिवाज आहे. थोरली दाखवायची, तळाची फळी उचलून भोक दाखवायचं, बूच हातात द्यायचं. मिस्त्रींनी पेटीची किल्ली डेकवर टाकली आणि म्हणाले, "कळेल तुझं तुला." भाचा शिडीपाशी उभा होता. "मामा," म्हणाला. मिस्त्री त्याच्या अंगावरून शिडी उतरून गेले. वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटीबरोबर जहाज सुटलं. मिस्त्री रागानं धक्क्यावरसुद्धा गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाड्याच्या खोलीत कोट झटकताना उजव्या खिशातून बूच खाली पडलं आणि जमिनीवरून घरंगळत पलंगाखाली गेलं.

मिस्त्री गुडघ्यांवर बसून पलंगाखाली चाचपत राहिले. बूच हाताला लागलं तरी उठले नाहीत.  नव्या सुताराला भोक माहीत नाही. भोक फळीखाली आहे, फळीवर शेळ्यांचं गवत आहे. धक्क्याला लागायचं बंदर तीन महिने लांब. मध्ये कुठे घाईत थोरली उतरवायची वेळ आली तर? उतरल्या उतरल्या बारा माणसं आत, पाणी तळातून वर, आणि बाहेर लाटा. आणि थोरली उतरली की पहिला आत चढणार तो भाचा.

मग मिस्त्री स्वतःची समजूत घालायचे. नवा सुतार काही दूधखुळा नाही. पाणी भरून मुरत ठेवायला गेला की पाणी वाहून जाईल, तेव्हा कळेल. पण मुरत ठेवायचं असतं हे तरी त्याला कुणी सांगितलं? मीच सांगायला हवं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं दिवसातून दहा वेळा हेच.

त्याच वाटेनं निघालेल्या एका वेगवान जहाजाबरोबर पत्र पाठवता आलं असतं. मिस्त्रींना लिहिता येत नव्हतं, वाचता येत होतं तेवढंच. ते कारकुनाकडे गेले. कारकुनानं कागद घेतला, टाक बुडवला आणि विचारलं, "हं, सांगा." मागे चार खलाशी आपापल्या कामासाठी उभे होते. सगळे ओळखीचे. मिस्त्रींनी तोंड उघडलं. तेहेतीस वर्षं ज्याची हाक ऐकून माणसं होडीत उतरली, तो सुतार बूच खिशात घालून घरी आला, हे त्या चौघांसमोर बोलायचं होतं. मिस्त्री म्हणाले, "लिहा, इकडे सगळं ठीक आहे. तब्येतीला जपावं." कारकुनानं तेवढंच लिहिलं. जहाज पत्र घेऊन गेलं. मिस्त्री घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. चूक एकदा होते हो, रागात माणूस आंधळा होतो. पण हे दुसरं त्यांनी थंड डोक्यानं केलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

किनाऱ्यावर आल्यापासून संध्याकाळचं जेवण अक्काकडे असायचं. दोन गल्ल्या सोडून तिचं घर. अक्का ताट वाढायची आणि विचारायची, "काही कळलं का रे जहाजाचं?" मिस्त्री ताटाकडे बघत "नाही" म्हणायचे. आज पाय दुखतोय, उद्या पोट बरं नाही, असं करत करत त्यांनी जाणंच सोडलं. अक्काला वाटलं, भावाचा राग अजून गेला नाही. एक दिवस दुखरे गुडघे घेऊन ती तीन जिने चढून त्यांच्या खोलीवर आली. धापा टाकत म्हणाली, "पोरानं चुकीचं केलं असेल. पण माझ्यावर कशाला राग?"

"राग नाही गं."

"मग जेवायला का येत नाहीस?"

मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण आईला कसं सांगायचं की तुझा मुलगा बुडाला असेल तर माझ्या खिशातल्या बुचानं? "भूक लागत नाही," म्हणाले. अक्का डबा ठेवून गेली. मिस्त्रींनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला, तेव्हा सगळं आंबलं होतं.

खोलीत एक पलंग, एक स्टूल, एक स्टोव्ह, खिडकी धक्क्याच्या उलट बाजूला. माणूस तेहेतीस वर्षं वीस जणांच्या घोरण्यात झोपलेला. आता कानावर पडायचा तो खालच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज, तोही पाचला बंद. मग घर खायला उठायचं. सकाळी जाग आली की मिस्त्री बादली उचलायचे, नळापर्यंत जायचे आणि मग आठवायचं, पाणी ओतायला काही नाही. रिकामी बादली घेऊन परत यायचे. बोलायला म्हणाल तर दिवसाकाठी कारकुनाशी झालेलं तेवढं एक वाक्य.

जहाज सात महिन्यांत परतायचं होतं. आठ झाले, नऊ झाले. दहाव्यात दुसऱ्या एका जहाजानं बातमी आणली, की वादळात त्यांची मोठी डोलकाठी मोडली आणि जहाज कुठल्याशा वाळूच्या पट्ट्यावर चढताना दिसलं. पुढचं माहीत नाही. कारकुनानं हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच मान वर केली होती. मिस्त्री फळ्याला हात टेकून उभे राहिले. वाळूवर चढलं म्हणजे नांगर खोल पाण्यात न्यायचा. नांगर न्यायचा म्हणजे थोरली.

बातमी अक्कापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यानंतर रस्त्यात भेटली तरी ती जहाजाचं विचारेनाशी झाली, आणि ते मिस्त्रींना जास्त लागलं.

अकराव्या महिन्यात, एका मंगळवारी, मिस्त्री फळ्यापाशी पोचायच्या आधीच कारकून बाहेर रस्त्यावर आला होता. "आलं तुमचं जहाज," म्हणाला. "लंगडत आलंय, पण आलंय."

मोडक्या डोलकाठीमुळे जहाजाला धक्क्याला लागता येत नव्हतं. ते लांबच नांगर टाकून थांबलं होतं. धक्क्यावर बायकामाणसांची गर्दी. अक्का पुढे होती. मिस्त्री मागे, एका पिंपाला टेकून. त्यांना जहाज म्हणजे एक करडा डाग दिसत होता. माणसं किती, कोण, काहीच कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. वारा किनाऱ्याकडे होता. दोरांचा करकर आवाज आला, चाकं कुरकुरली, म्हणजे थोरली उतरवायची तयारी. मग लाकडावर लाकूड आपटल्याचे तीन ठोके ऐकू आले. आणि पाठोपाठ हाक आली, "बूच बसलं!"

आवाज भाच्याचा होता. कमी बोलणाऱ्या माणसाचा आवाज, पण हेल सगळा मिस्त्रींचा, "बसलं"वर लांबवलेला. मिस्त्री पिंपावर बसले आणि रडले. लोकांनी पाहिलं, पाहू देत.

थोरली धक्क्याला लागली. पहिला वर चढला तो तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम. अंगानं आडवा, तोंडानं फटकळ. त्यानं मिस्त्रींना पाहिलं आणि सरळ येऊन त्यांचे खांदे धरले. "मिस्त्री, जाताना बूच भाच्याच्या हवाली करून गेलात म्हणून आम्ही बारा जण जिवंत आहोत. नांगर टांगून निघालो तेव्हा पाणी काठाला लागलं होतं. या नव्या शहाण्याला तर तळाला भोक आहे हेच माहीत नव्हतं."

बाकीचे खलाशीही थोरली शेजारच्या वाळूत ओढून ठेवून जमले. कुणी हात धरला, कुणी पाठीवर थाप मारली. मिस्त्रींनी भाच्याकडे पाहिलं. भाचा एका हातानं अक्काला धरून उभा होता, आणि मामाकडे सोडून सगळीकडे बघत होता. म्हणजे यानंच सगळ्यांना तसं सांगितलं होतं. मामाचं नाव राखलं होतं.

गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मिस्त्रींना कारकुनाकडून लिहून घेतलेलं ते पत्र आठवलं. त्यांनी खिशात हात घातला आणि बूच काढून तळहातावर धरलं. "मी दिलं नव्हतं," म्हणाले. "रागात घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी कळलं. पत्रानं कळवता आलं असतं, तेही लाजेनं कळवलं नाही."

 तांडेलानं बूच उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत त्यांच्या हातावर ठेवलं. "बायको वाट बघत असेल," म्हणाला आणि गेला. एकेक करत बाकीचेही गेले. नव्या सुतारानं तेवढी मान लववली. अक्कानं भावाच्या तळहातावरचं बूच पाहिलं. मग म्हणाली, "म्हणून जेवायला येत नव्हतास होय? मी पुढे होते, चूल पेटवते. दोघं या."

मामा-भाचे गल्लीतून चालायला लागले. शिंप्याचं दुकान गेलं, नळ गेला. शेवटी मिस्त्रींनी विचारलं, "दुसरं बूच केलंस कधी? जहाज सुटल्यावर?"

"नाही," भाचा म्हणाला. त्यानं सदऱ्याच्या आतून दोरीला बांधलेलं बूच बाहेर काढलं, थोरली वाळूत ओढल्यावर भोकातून काढून घेतलेलं. तेही गुळगुळीत झालेलं होतं. अकरा महिन्यांत लाकूड इतकं गुळगुळीत होत नाही, हे सुताराच्या हाताला लगेच कळलं.

"हे दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, मामा."

मिस्त्री थांबले.

"त्या दिवशी थोरलीत पाणी आलं होतं ना, ते तागामुळे नव्हतं. बूच भोकात नव्हतंच. तुम्ही शेजारच्या फळीवर ठोकलं होतं. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं. मी मागून चढायचो, फळीखाली हात घालून बघायचो. तिसऱ्यांदा तुमचं बूच अंधारात सापडेना, तेव्हापासून माझं वेगळं ठेवलं." एवढं भाचा जन्मात एका दमात बोलला नव्हता. "नंतर नंतर दर वेळी मीच बसवायचो, आणि होडी वर आली की माझं काढून तुमचं भोकापाशी ठेवायचो."

"आणि मी ओरडत होतो," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला नसता." भाचा खाली बघत होता. "शेवटच्या खेपेला मी वल्ह्यांमध्ये अडकलो, मागे चढायला उशीर झाला. तोवर तुमची हाक होऊन माणसं आत उतरली होती. त्या रात्री ठरवलं, कप्तानाला सांगायचं."

मिस्त्रींनी हातातलं बूच भाच्याच्या बुचाशेजारी धरून पाहिलं. अकरा महिने कोरड्या खिशात राहून ते चांगलं सूतभर आकसलं होतं. आता ते थोरलीच्या भोकात बसलं नसतं, आरपार निघून गेलं असतं. त्यांनी ते पुन्हा खिशात टाकलं.

अक्काच्या दारात पायरी होती. मिस्त्रींना ती दिसली नाही. भाच्यानं कोपर धरलं. आधी तो धरायला आला की मिस्त्री हात झटकून टाकायचे. आज त्यांनी धरू दिलं.